घरची अढी का फसते आणि पहिला आंबा कधी काढायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. राजापूर तालुक्यात, पाचलच्या बाजूला तुमच्या आजोबांनी लावलेली हापूसची कलमं आहेत आणि घरामागे दोन जुने रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेले गावठी आंबे. आजी होती तोवर आंब्याचं सगळं तिच्याकडे होतं. ती गेल्यावर, गेल्या मे महिन्यात, तुम्ही भावंडं शनिवार-रविवार जोडून गावी गेलात, दोन दिवसांत सगळी कलमं उतरवलीत आणि माजघरात पेंढा पसरून अढी घातलीत, म्हणजे आंबे पेंढ्यात पिकायला ठेवलेत. निम्मे आंबे कुजले, बरेचसे सुरकुतले, आणि पिकले त्यांना चव नव्हती. पुढच्या हंगामात अक्षय्य तृतीयेला आजीच्या नावाने पहिला आंबा ठेवायचा आहे, मुलांना अढी दाखवायची आहे, साठं (रस उन्हात वाळवून केलेल्या आंबापोळ्या) घालायची आहेत. तेव्हा अढी नीट कशी घालायची आणि सगळ्यांनी रजा टाकायची तर तारीख कोणती धरायची, असं तुम्ही विचारलंय.

आमची कलमं देवगड तालुक्यात आहेत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा बाग सासरे बघत आणि अढी सासूबाई. आता दोन्ही माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या पेंढ्यात किंवा माजघरात काही दोष नसावा. आंबे अढीत खराब झालेले दिसले, पण बिघाड काढणीतच झाला होता.

खराब आंबा स्वतःच सांगतो काय झालं ते. सुरकुतलेला आंबा म्हणजे कोवळा काढलेला. त्याच्यात पिकण्याइतका गर भरलेला नसतो, मग तो नुसता वाळतो, साल चामड्यासारखी होते आणि आत पांढुरका, आंबट राहतो. त्याला कितीही दिवस पेंढ्यात ठेवा, काही उपयोग नाही. कुजलेला आंबा म्हणजे बहुतेक वेळा आपटलेला, चीक लागलेला किंवा देठ तुटलेला. देठ मुळापासून तुटला की तिथून बुरशी आत शिरते आणि देठाभोवती काळं वर्तुळ पसरत जातं. तुमच्या अढीत ही दोन्ही प्रकारची फळं एकत्र होती, म्हणून दोन्ही नुकसानं एकदम झाली.

आता हे एकत्र का आलं? हापूसला मोहर एका दमात येत नाही. थंडी जशी पडेल तसा तो नोव्हेंबर-डिसेंबरपासून पार फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो, आणि फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. त्यामुळे एकाच कलमाच्या दक्षिणेकडच्या फांदीवर तयार आंबा असतो आणि आतल्या बाजूला महिनाभर मागचा. दोन दिवसांत झाड रिकामं केलं की सगळ्या वयाची फळं एका ढिगात येतात. आजीच्या हाताखाली हे होत नसे, कारण गावात राहणारं माणूस कलम एकदम उतरवत नाही. चार दिवसांनी थोडे, आठ दिवसांनी थोडे, असं चालतं. तुम्ही पाहुणे म्हणून मे महिन्यात जात होतात तेव्हा तुम्हाला एकच अढी दिसत असणार. तिच्या आधी दोन होऊन गेलेल्या असतील आणि नंतरही एखादी पडत असेल.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: सगळ्यांना एकत्र यायला तारीख लागते, आणि कलम तारीख पाळत नाही. त्यातून वाट काढायची तर आपल्या घरांतल्या आंब्याच्या रीती ज्या क्रमाने येतात तो क्रम बघा. देवाचा आंबा, मग अढी, मग वाटे, मग साठं. हा क्रम श्रद्धेचा आहेच, आणि कामाचाही आहे. तो मोडला की आंबा वाया जातो.

पहिली गोष्ट पाड. कलमावर आपोआप पिकून खाली आलेला पहिला आंबा म्हणजे पाड. पाड पडला म्हणजे त्या कलमावरची पहिल्या मोहराची फळं तयार झाली. आमच्याकडे पहिला पाड घरात कोणी खात नाही. तो धुऊन देवापुढे ठेवतात, बागेतल्या जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि त्यानंतरच झेला (आंबे काढायची जाळीची काठी) कलमाला लागतो. त्याआधी पोराटोरांनी एखादी कैरी पाडली तर चालते, पण काढणी नाही. सासूबाई याबाबतीत फार कडक होत्या, आणि बागेचा विचार केला तर त्यांचं बरोबरच होतं. देवाचा आंबा झाल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला की कोवळा आंबा अढीत जातच नाही.

मात्र खाली पडलेलं प्रत्येक पिवळं फळ पाड नसतं. फळमाशीने टोचलेलं फळ वेळेआधी रंगतं आणि गळतं. त्याच्यावर सुईने टोचल्यासारखा बारीक ठिपका असतो, भोवती साल थोडी मऊ लागते, आणि कापला की अळ्या निघतात. पाखराने चोच मारलेलंही तसंच. खऱ्या पाडाला कुठे इजा नसते, देठाशी नाक नेलं की वास भरून येतो आणि कापला तर गर सालीपर्यंत केशरी असतो. शंका आली तर कापूनच बघा, दुसरा पाड पडेल तो देवाला ठेवा. बागेत फळमाशी फार असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेले रक्षक सापळे टांगा, ते स्वस्त आहेत आणि कामाचे आहेत.

पाड मिळाला म्हणजे सगळं कलम तयार, असं नाही. आता एकेक फळ बघायचं. बागायतदारांच्या बोलण्यात ‘चौदा आणे’ आंबा म्हणतात, तो काढायचा. जुन्या हिशेबातला सोळा आण्यांचा रुपया धरला तर पूर्ण पिकायला थोडं बाकी असलेलं फळ. ओळखायचं कसं? देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले असतात आणि देठ त्यांच्या मधल्या खळग्यात बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या फळाचे खांदे देठापासून खाली उतरते असतात. गडद हिरवा रंग जाऊन पोपटी छटा येते, सालीवरचे ठिपके स्पष्ट दिसायला लागतात. खालून बघून कळत नसेल तर दोन-चार फळं काढून बादलीभर साध्या पाण्यात सोडा: तरंगलं ते कोवळं, बुडालं ते तयार. मुलांना हे काम द्या, ती मन लावून करतात आणि त्यांची नजर लवकर बसते.

मग सोळा आणे होईपर्यंत झाडावरच का ठेवू नये, असं तुमच्या भावाचं म्हणणं आहे असं तुम्ही लिहिलंय. रायवळाला ते चालतं, हापूसला नाही. हापूसमध्ये साका होतो. बाहेरून आंबा देखणा, आणि कापला की कोयीच्या बाजूला पांढरट-पिवळा, भुसभुशीत, आंबट गर. साका बाहेरून अजिबात कळत नाही. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात तो जास्त सापडतो, आणि तापलेल्या जमिनीची झळ लागली की वाढतो. म्हणून चौदा आण्याला काढायचा, सकाळी दहाच्या आत काढायचा आणि काढलेला आंबा एक मिनिटही उन्हात ठेवायचा नाही. कलमाखाली पालापाचोळा पसरलेला असेल तर झाडून काढू नका, त्याने जमीन कमी तापते. पाहुणे येणार म्हणून बाग लख्ख झाडणारी घरं मी बघते तेव्हा मला वाईट वाटतं. (पुढेमागे नवं कलम लावणार असाल आणि साक्याची भीती असेल, तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘रत्ना’ जात बघा. तिच्यात साका होत नाही. चव हापूसची मात्र नाही.)

काढताना झेल्यानेच काढा. कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ मिळतो, त्याच्या पात्याने देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडतं. देठ बोटाच्या दोन पेरांएवढा राहिला पाहिजे. काठीने झोडपून किंवा फांदी हलवून काढलेला आंबा अढीत घालूच नका, त्याचं लोणचं किंवा मोरांबा करा. देठ निखळलाच तर ते फळ देठाची बाजू खाली करून गवतावर ठेवा, चीक निथळू द्या आणि वेगळं ठेवून आधी संपवा. सालीवर ओघळलेला चीक लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे काळा चट्टा पडतो आणि कूज तिथूनच सुरू होते.

आता अढी. खोली अंधारी आणि कोरडी हवी, पण कोंदट नको. माजघराची वरची खिडकी उघडी असू द्या. जमीन सारवलेली असेल तर उत्तम. फरशी असेल तर खाली पेंढ्याचा थर जाड द्या. पेंढा गेल्या हंगामातला भाताचा, खडखडीत वाळलेला हवा. मूठभर हातात घेऊन वास घ्या. जराही कुबट आला तर तो पेंढा गुरांसमोरही टाकू नका, अढीत तर नाहीच. वीतभर पेंढा, त्यावर आंब्यांची एक ओळ, फळाला फळ चिकटू न देता, त्यावर चार बोटं पेंढा, मग दुसरी ओळ. दोन थरांच्या वर जाऊ नका. जागा कमी म्हणून चार-पाच थर रचले की खालचे आंबे वजनाने दबतात, आत ऊब वाढते आणि मधला भाग आधी सडतो. वर पेंढा पसरून सोडून द्या, प्लास्टिक किंवा ताडपत्री घालू नका.

पेंढा नुसता मऊ बिछाना म्हणून नाही. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तोच शेजारच्या फळाला पिकवतो. पेंढा ती ऊब आणि तो वायू थोडा धरून ठेवतो, आणि फळाला सुटलेला घाम शोषून घेतो. म्हणूनच एका अढीत एका दिवशी काढलेली, एका तयारीची फळंच घालायची. मागाहून काढलेली नवी फळं जुन्या अढीत घुसडली की ती अर्धवट असतानाच रंग धरतात आणि चवीला मागे राहतात. दर खेपेची अढी वेगळी. जागा नसेल तर बांबूच्या करंड्यांत पेंढा घालून छोट्या अढ्या करा, दोन माणसांच्या घरात मी तेच सुचवते.

अढी तिसऱ्या दिवसापासून परतायची, आणि हात घालण्याआधी वास घ्यायचा. चांगल्या अढीचा वास गोड आणि हलका असतो. उग्र, आंबूस वास आला की कुठेतरी फळ फुटलंय. ते शोधून, भोवतालच्या ओल्या पेंढ्यासकट बाहेर काढा. साधारण आठ ते बारा दिवसांत आंबे तयार होतात. मेअखेरीस हवा दमट झाली की त्याआधीच. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघतात, पण पन्नास जणांनी अंगठे दाबले तर त्या खुणांचेच डाग पडतात. आमच्या घरी अढीला एकाच माणसाचा हात लागतो. तुमच्याकडेही कोणीतरी एक ठरवा. आजी असताना तो हात तिचा होता, हे लक्षात आलं असेलच.

कुणीतरी कार्बाइडची पुडी ठेवायला सांगेल. ठेवू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि रंग आला तरी गर पिकत नाही. व्यापारी पिकवणगृहांत इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे, पण घरच्या आंब्याला त्याचीही गरज पडत नाही.

आता अक्षय्य तृतीया. इथे मात्र गाव, घर आणि साल यांवर सगळं अवलंबून आहे. ही तिथी २०२४ साली १० मेला आली, २०२५ साली ३० एप्रिलला आणि २०२६ साली १९ एप्रिलला. तीन आठवड्यांचा फरक. आमच्या किनाऱ्यावरच्या कातळातली कलमं लवकर येतात, एप्रिलच्या सुरुवातीला अढी पडलेली असते. तुमचं पाचल घाटाच्या पायथ्याकडे, तिथे आंबा उशिरा येतो. तिथी लवकर आली आणि थंडी उशिरा पडली असेल, तर त्या दिवशी तुमच्या कलमावर तयार फळ असेलच असं नाही. तेव्हा आजीसाठी म्हणून कोवळा आंबा काढून जबरदस्तीने पिकवू नका. आमच्या घरी अशा वर्षी पाण्याने भरलेल्या मातीच्या घटाबरोबर कैरी ठेवतात, पन्हं करतात, आणि पाड पडेल त्या दिवशी पुन्हा पान वाढतात. काही घरांत किनाऱ्याकडच्या नातेवाइकांकडून दोन आंबे मागवतात. पितरांचं ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीने होतं, म्हणून मी ठाम सांगणार नाही. भाऊबंदांत जी वयाने मोठी बाई असेल तिला फोन करून विचारा, ‘आजी काय ठेवायची?’ तिला आठवत असेल, आणि विचारलंत याचं तिला बरंही वाटेल.

रजेचं असं करा. सगळ्यांनी एकदम आठवडाभर जाण्याऐवजी दोघांनी आधी जावं. पाड बघणं, देवाचा आंबा, पहिली निवडक काढणी आणि छोटी अढी एवढं त्यांचं काम. शेजारच्या घरातलं कोणी दर दोन दिवसांनी अढी परतेल का ते आधीच विचारून ठेवा, आणि त्यांचा वाटाही. बाकीच्यांनी दहा-बारा दिवसांनी पोचावं. तेव्हा पहिली अढी पिकलेली असेल, दुसरी काढणी सगळ्यांच्या हातून होईल, मुलांना पेंढ्यात आंबे मांडता येतील आणि त्याच आठवड्यात साठंही घालता येतील. म्हणजे सणाला लागणारा आंबा आधीच्या खेपेचा आणि मुंबईला न्यायचा आंबा नंतरच्या खेपेचा.

वाट्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण भावंडं एकत्र येतात तिथे हा विषय निघतोच. आमच्याकडे आधी देवळाचे आणि गुरवाचे काढतात, मग बागेत राबलेल्या गड्यांचे, मग माहेरवाशिणींचे. उरलेल्यांचे भाऊबंदांत वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात प्रत्येक कलमाची फळं आली पाहिजेत, कारण विहिरीकडच्या कलमाची चव वेगळी आणि गडग्याजवळच्या कलमाची वेगळी. आणि ज्याने वाटे घातले त्याने शेवटी उचलायचं. एवढं पाळलं तर भांडणाला कारण राहत नाही. रायवळाला वाटा नसतो. पहाटे वाऱ्याने पडलेला रायवळ ज्याला सापडला त्याचा, मग तो शेजारचा मुलगा का असेना. हे तुमच्या मुलांना आवर्जून सांगा.

साठं रायवळाचीच घाला, हापूस खायला ठेवा. रस गाळून, आंबट असेल तर चवीपुरती साखर घालून, तुपाचा हात फिरवलेल्या ताटात पातळ ओता. पहिला थर वाळला की त्यावर दुसरा. माशा बसू नयेत म्हणून पातळ मलमल बांधा. तीन-चार दिवस कडक ऊन लागतं, म्हणून हे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यापुढे ढकलू नका. नंतर वळवाचे ढग येतात, संध्याकाळी एक सर आली की ताट चिकट होतं आणि बुरशी धरतं. आंबट रायवळ उरले तर सांसव करा, ओलं खोबरं, मोहरी आणि गूळ घालून. ते सगळ्यांना आवडेलच असं नाही, पण ज्यांनी लहानपणी आजीच्या हातचं खाल्लंय ते ताटातून उठणार नाहीत. सात-आठ जूनला मृग लागायच्या आत साठं सुरळी करून, कोरड्या डब्यात, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवायच्या, बेगमीसोबत माळ्यावर गेली पाहिजेत.

एक काम मात्र पुढच्या हंगामाची वाट न बघता करा. तुमची कलमं काही वर्षं दुर्लक्षित असतील तर फांद्यांवर बांडगुळं असणार. ती फांदीत रुतलेल्या भागासकट छाटून घ्या, नाहीतर कलम दरवर्षी कमी धरत जाईल. तसाही हापूस वर्षाआड भरतो, तेव्हा एका वर्षी फळ कमी दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका. मोहर दिसायला लागला की कोणत्या कलमाला कधी आला ते शेजाऱ्यांकडून विचारून लिहून ठेवा आणि मला कळवा. त्यावरून पहिल्या दोघांनी कधी निघायचं ते आठवड्याच्या फरकाने सांगता येईल.